तिरपं गटिंग

जी बाई बैल खच्ची करायच्या चिमट्यानं टेनिसची रॅकेट विणते, तिच्या घरात भाड्यानं राहावं की नाही, याचा विचार माणसानं आधी करायला हवा. मी आधी राहायला गेले आणि चिमटा नंतर पाहिला. तोवर सामान लागलं होतं, गॅसचा सिलिंडर मिळाला होता आणि अक्कांच्या हातच्या ज्वारीच्या भाकरीची चटक लागली होती. असल्या तीन गोष्टी जमल्या की चिमट्याचं काही वाटत नाही.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. उदगीरहून मी बिदरला कॉलेजात मराठी शिकवायला आले. गल्लोगल्ली एसटीडीच्या पिवळ्या पाट्या लागल्या होत्या, घराघरातली मुलं हैदराबादला नाहीतर पुण्याला निघाली होती आणि माडीवरच्या खोल्या रिकाम्या पडत होत्या. त्यातली एक अक्कांची. अक्का सरकारी जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर होत्या. खेड्यातले लोक त्यांना डॉक्टरीणबाई म्हणत, क्लबातले मॅडम म्हणत. मी अक्का म्हणायला लागले, कारण खोली बघायला गेले त्या पहिल्याच दिवशी त्यांनी माझी खालची पापणी अंगठ्यानं ओढून पाहिली आणि म्हणाल्या, "रक्त कमी हाय तुझ्यात. खाल्लेलं अंगी लागायलंय का न्हाई?" आता अशा बाईला मॅडम कुठल्या तोंडानं म्हणायचं?

घरात अक्का आणि त्यांचे वडील, आम्ही सगळे त्यांना अप्पा म्हणायचो, एवढेच. अक्कांचे यजमान हैदराबादला नोकरीत, जमेल तसे येऊन जात. अप्पा मूळचे मुडबीकडचे. उभा जन्म मेंढरांमागं गेलेला, आणि आता लेकीच्या घरी पंख्याखाली घोंगडं पांघरून बसायची शिक्षा झाल्यासारखे बसत. पंखा बंद करू देत नसत आणि घोंगडंही सोडत नसत. लेक डॉक्टर झाली याचा त्यांना अभिमान होता, पण तिनं केलेलं कुठलंही काम त्यांना पसंत पडत नसे. एका घरात दोन हट्टी माणसं असली की तिसऱ्याची करमणूक फुकट होते. ती तिसरी मी.

अक्का म्हशींशी कानडीत बोलत, कुत्र्यांशी दख्खनीत आणि माणसांशी मराठीत. मी एकदा कारण विचारलं. "म्हशीला कानडी गोड लागतं," त्या म्हणाल्या. "कुत्र्याला रागवायचं तर दख्खनीवानी भाषा न्हाई. मराठी तेवढी मानसाला. मानसाला तिच्यातलं किती कळतं, ते मला अजून कळायचंय." त्यांच्या फ्रिजमध्ये जनावरांच्या लशी आणि ताक शेजारी शेजारी असे. मला ताक फार आवडतं, पण त्या घरात मी ते नेहमी दुसऱ्या कुणी प्यायल्यावरच प्यायले.

आणि सरळ जाण्याचा त्यांना मनापासून कंटाळा. दवाखान्यापुढचं मैदान त्या कधी कडेकडेनं ओलांडायच्या नाहीत, या कोपऱ्यातून थेट त्या कोपऱ्यात. गच्चीवरची कपड्यांची दोरीसुद्धा कोपऱ्यातून कोपऱ्यात बांधलेली. भिंतीलगत बांधली असती तर निदान माणूस गच्चीवर ताठ मानेनं फिरला असता. पण नाही. "त्या दोरीवर एक लुगडं जास्त मावतं," म्हणायच्या. त्या जास्तीच्या लुगड्यापायी मी ओल्या परकरांखालून वाकून वाकून गेले, तो बाक अजून माझ्या मानेत आहे.

टेनिस हे त्यांचं खरं वेड. आमच्या बिदरला निजामाच्या अमलातला एक जुना क्लब होता, आणि त्याला तांबड्या मातीचं एकच कोर्ट. साहेबलोक, वकील, बँकेचे मॅनेजर असे लोक संध्याकाळी तिथं खेळत. खेळणारी बाई ही एकच. साडीचा काष्टा घालून, पायात कॅनव्हासचे बूट आणि अंगात दवाखान्याचा पांढरा कोट. कोटाच्या खिशात चेंडू. कधी कधी दुसऱ्या खिशात थर्मामीटर, आणि तो कुणाला लावायचा हे विचारायची कुणाची छाती नव्हती. क्लबाच्या वार्षिक स्पर्धेत बायकांचा गट काढायचा म्हटलं तर बाई एकटी, म्हणून अक्का पुरुषांतच खेळत आणि दरवर्षी उपांत्य सामन्यापर्यंत तरी जातच.

मग त्यांचा कोपर दुखायला लागला.

म्हैस गाभण आहे का हे बघायला डॉक्टरला आतवर हात घालावा लागतो. अडलेलं वासरू ओढावं लागतं. अक्का डाव्या-उजव्याचा विचार न करता जो हात मोकळा तो घालत. दिवसभर हे, आणि संध्याकाळी पुन्हा उजव्याच हातानं टणाटण चेंडू मारणं. आधी नुसती कळ यायची, मग भाकरी थापताना यायला लागली, मग कुलूप उघडतानाही. सोलापूरच्या हाडांच्या डॉक्टरांनी पट्टा दिला आणि सांगितलं, टेनिस सोडा.

"म्हशी बी सोडू का?" अक्कांनी विचारलं.

डॉक्टर म्हणाले, जमलं तर त्याही सोडा.

म्हशी सुटणार नव्हत्या, तो पोटाचा धंदा आणि जिवाचाही. म्हणजे टेनिस जाणार. घराला लागूनच असलेल्या दवाखान्याच्या मागच्या भिंतीवर रोज संध्याकाळी चेंडू आपटायचा आवाज यायचा, तो बंद झाला. त्या आवाजाला मी इतके दिवस शिव्या घातल्या होत्या, आणि आता तोच नाही म्हणून माझं पेपर तपासण्यात लक्ष लागेना. अक्का ओसरीवर बसून हातातल्या रॅकेटकडं बघत राहायच्या. ते बघवत नसे.

अशात एका रविवारी त्या मला त्यांच्या भावाच्या मेंढरांकडं घेऊन गेल्या. मुडबीच्या शिवारात एका शेतकऱ्यानं खतासाठी मेंढरं बसवून घेतली होती. दिवस कलला तशी भावानं वाघर लावली. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची दोरीची जाळी. शेतात गोल आखून खुंट्या ठोकायच्या आणि त्यांना ही जाळी ताणून बांधायची. तिची घरं चौकटीसारखी सरळ नसतात, सगळ्या दोऱ्या तिरप्या जातात. आत मेंढरं गेली, त्यात एक मस्तवाल एडका, म्हणजे नर मेंढा, होता. त्याला काय झालं कुणास ठाऊक, तो धावत आला आणि जाळीवर धडकला. जाळी पोट सुटल्यासारखी बाहेर आली, तिनं एडक्याला पोटात घेतलं आणि अलगद परत आत सोडून दिलं. एडका खुळ्यासारखा बघत उभा राहिला.

अक्का माझ्या दंडाला धरून म्हणाल्या, "बघितलीस?"

"काय?"

"एका दोरीवर धक्का गेला का? समद्यांनी वाटून घेतला. खुंटीला कळलं बी न्हाई." मग त्यांनी भावाला तो एडका पुन्हा चिडवायला लावला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा एडकाच कंटाळला.

घरी पोचल्यावर त्यांनी चपला काढायच्या आधी कात्री काढली आणि रॅकेटची होती नव्हती ती सगळी जाळी कापून टाकली. अप्पा घोंगड्यातून बघत होते. "रॅकेट कामून फाडायलीस?" त्यांनी विचारलं.

"वाघर लावायलेय," अक्का म्हणाल्या.

रॅकेटला जाळी घालायला आपल्याकडं गटिंग म्हणतात. त्याचं एक यंत्र असतं म्हणे, ते हैदराबादला. आमच्याकडं होती बाज, आडाची कप्पी, बादली आणि जनावरांचा दवाखाना. यजमानांकडून नायलॉनची तात, म्हणजे रॅकेटची दोरी, मागवली आणि कामाला सुरुवात झाली. मला का घेतलं, हे विचारू नका. मी घरात होते, हा माझा गुन्हा.

"रॅकेट म्हंजे घड्याळ समज," अक्कांनी मला शिकवलं. "मूठ सहावर. साधं गटिंग कसं असतं? बारापासून सहापर्यंत उभं आन् नऊपासून तीनपर्यंत आडवं. आपलं तसं न्हाई. आपली एक तात दीडपासून निघून मधनं साडेसातला जायची. दुसरी साडेदहापासून साडेचारला. ह्या दोघी मधोमध एकमेकीला कापतात. मग त्यांच्याच अंगानं, एक वर एक खाली, कडेपर्यंत जायचं. कडेला गेलं की तात आखूड होत जाते. झालं."

"एवढंच?"

"एवढंच. बाकी समदं ताणात हाय."

ताणासाठी त्यांनी तोडगा काढला होता. तातीचं टोक ऑपरेशनच्या छोट्या चिमट्यात पकडायचं, चिमट्याला दोरी, दोरी आडाच्या कप्पीवरून, आणि खाली पाण्याची बादली. बादलीवर आतून खिळ्यानं एक रेघ ओढलेली. पाणी रेघेपर्यंत हवं, म्हणजे प्रत्येक तातीला सारखाच ओढा. बादली अधांतरी झाली की ताण बरोबर. मग ती तात तशीच धरून ठेवायची आणि बादली पुढच्या तातीला लावायची. ती धरून ठेवायला तो बैलांचा चिमटा, त्याच्या जबड्याला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. तो चिमटा दाबून बसायचं काम एम.ए. मराठी, प्रथम श्रेणी, यांच्याकडं होतं.

पहिला प्रयत्न पार फसला, आणि फसला तो मेंढरांच्या वळणानंच. वाघर लावताना धनगर एका खुंटीपासून सुरुवात करतो आणि एकाच अंगानं ताणत ताणत गोल फिरून येतो. अक्कांचा हात लहानपणापासून त्याच सवयीचा. त्यांनी दीड-साडेसातच्या दिशेच्या सगळ्या ताती आधी ओढून घेतल्या, दुसऱ्या दिशेच्या मग घालू म्हणून. शेवटची ओढली आणि रॅकेट कर्रकन वाजली. बघतो तर तिचं तोंड एका अंगाला कललेलं, वाकड्या काकडीसारखं.

अप्पांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. "आमी जन्मभर एकाच अंगानं ताणलो. आमची वाघर कदी वाकली न्हाई."

अक्कांनी ती काकडी उचलून बाजेवर उभी धरली. मग म्हणाल्या, "तुमच्या खुंटीला खाली जमीन हाय, अप्पा. हिला कुठं हाय?"

अप्पांनी पंख्याला नावं ठेवली. ती वाकडी रॅकेट मोरीच्या झरोक्यात ठोकून बसवली. कबुतरं यायची बंद झाली, त्यामुळं अगदीच वाया गेली असं म्हणता येणार नाही.

माळ्यावर आणखी एक जुनी रॅकेट होती, तिला अक्कांनी जमीन दिली. बाजेचं विणकाम उतरवून नुसता लाकडी सांगाडा ठेवला, त्यात आडवी फळी ठोकली, आणि फळीवर रॅकेटच्या कडेनं सगळीकडून लाकडी ठोकळे असे बसवले की तिला हलायला, कलायला जागा उरू नये. त्या रात्री बाज नसल्यानं अप्पा खाली झोपले आणि सकाळपर्यंत कण्हले. ताणही आता एकदम नाही. एक तात इकडची, एक तिकडची. एकीनं कलंडवायचा प्रयत्न केला की दुसरी तिला सावरते. पण असं केलं की प्रत्येक तात ओढायच्या आधी समोरच्या तातींच्या एकीखालून एकीवरून विणत न्यावी लागते, आणि कडेला गर्दी झाली की बोटं शिरत नाहीत. तिथं दाभण. भोकं सरळ तातीसाठी पाडलेली असतात, तात तिरपी निघाली की भोकाच्या कडेवर घासून तुटणार, म्हणून प्रत्येक भोकात सलाईनच्या नळीचा एकेक तुकडा कापून घातला. शेवटची गाठ टाक्याची. "ही गाठ म्हशीच्या पोटाला टिकते," अक्का म्हणाल्या, "रॅकेटला टिकंना व्हय?"

टिकली. रॅकेट बाजेवरून सोडवली तेव्हा तोंड गोल ते गोल. जाळी अशी दिसत होती की बघणाऱ्याची मान आपोआप एका बाजूला व्हावी.

अक्का ती घेऊन तशाच दवाखान्याच्या मागं गेल्या. मी पाठोपाठ. पहिला चेंडू भिंतीवर मारला. पूर्वी टण्ण आवाज यायचा आणि अक्कांचं तोंड आवळलं जायचं. आता धप् असा आवाज आला. त्या थांबल्या. कोपराला हात लावून बघितला, जणू तो दुसऱ्या कुणाचा असावा. दुसरा चेंडू मारला, तिसरा मारला. मग माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "न्हाई दुखायलं, पोरी."

मी रडले. टेनिसमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण रडले, हे खरं आहे.

त्या वर्षी स्पर्धेला ही रॅकेट घेऊन अक्का गेल्या तेव्हा क्लबात हलकल्लोळ माजला. कायमचे विजेते म्हणजे आमचे वकीलसाहेब. उंचेपुरे, पांढऱ्या मिशा, घरात दख्खनी आणि कोर्टात कानडी-मराठी, तिन्हीत सारखेच मिश्कील. त्यांनी रॅकेट हातात घेऊन उजेडाकडं धरली. "डॉक्टरीणबाई, ये रॅकेट है की चारपाई? हिच्यावर झोपायचं का खेळायचं?"

"आधी खेळू. मग तुमाला झोपवू," अक्का म्हणाल्या.

एका बँकेच्या मॅनेजरांनी हरकत घेतली की ही जाळी नियमात बसत नाही. ते अक्कांकडून मागच्या वर्षी हरले होते, हे आपलं सहज सांगते. क्लबाच्या नियमांचं पुस्तक वकीलसाहेबांच्याच ताब्यात असे; त्यांनी चष्मा लावला, नियम पुन्हा पुन्हा वाचला आणि निकाल दिला. "ताती एकमेकींना कापून जायच्या, खालीवर विणायच्या, चौकटीला बांधायच्या, बस्. उभ्या का तिरप्या, ते कुठं न्हाई लिहिलेलं. जे लिहिलंच न्हाई ते मी कैकू मना करू?" मॅनेजर पुढच्याच फेरीत अक्कांकडून पुन्हा हरले.

अंतिम सामना अक्का आणि वकीलसाहेब. आदल्या संध्याकाळी गच्चीवर वाळलेले कपडे काढताना अक्का मला म्हणाल्या, "आजवर लहान सामने झाले. उद्या लांब चालंल. तेवढं खेळून जर हात दुखला, तर डॉक्टर खरा. रॅकेट माळ्यावर टाकते. परत हात लावायची न्हाई." त्यांनी हे इतक्या साध्या आवाजात सांगितलं की मला वकीलसाहेबांचा उगीचच राग आला.

दुपार कलल्यावर सामना सुरू झाला. पहिला सेट वकीलसाहेबांनी घेतला. दुसरा अक्कांनी. तिसरा सुरू होणार तेवढ्यात जनवाड्याहून एक शेतकरी मोटारसायकलवर आला, सरळ चपलांसकट कोर्टात. सकाळपासून म्हैस अडली होती. अक्कांनी वकीलसाहेबांकडं बघितलं. नियमानं त्यांना तिथंच विजयी ठरवता आलं असतं, आणि मॅनेजर तोंड उघडायच्या बेतात होतेच.

"जावा," वकीलसाहेब म्हणाले. "बाकीचं उद्या सकाळी खेळू. म्हशीच्या मेहरबानीनं जिंकलो, असं लोकांनी म्हनायचं व्हय मला?"

मी अक्कांच्या स्कूटरवर मागं बसले. जनवाड्यात गोठ्याबाहेर निम्मं गाव जमलेलं. म्हैस आडवी पडलेली, रेडकाची मान आत मागं वळलेली. अक्का कोटाची बाही खांद्यापर्यंत गुंडाळून शेणामातीत कुशीवर आडव्या झाल्या आणि उजवा हात आत घातला. तोंडानं म्हशीशी कानडीत काहीबाही चाललेलं, आवाज लेकराला निजवताना असतो तसा. किती वेळ गेला कोण जाणे. मान सरळ झाली. मग पुढच्या पायांना दोर बांधून, म्हैस कळ देईल तेव्हाच ओढायचं, ती थांबली की थांबायचं. अक्कांच्या मानेच्या शिरा मला दिसत होत्या. शेवटी रेडकू सरकन बाहेर आलं. मादी निघाली, वगार, जिवंत, आणि नाकातलं साफ करताच शिंकली. गोठ्यातले सगळे हसले.

घरच्या बाईनं अक्कांचा हात ऊन पाण्यानं धुतला आणि चहाची कपबशी पुढं केली. अक्कांनी उजव्या हातात कप घेतला. तो तोंडापर्यंत पोचायच्या आत निम्मा चहा सांडला. मी कप काढून घेतला आणि त्यांच्या तोंडाला लावला. त्या लहान मुलीसारख्या तो प्यायल्या.

"अक्का, उद्याचं सोडा," मी म्हणाले.

"सकाळी बघू."

"हात गेला तर?"

"तेच तर बघायचं हाय."

सकाळी दंड सुजलेला. अप्पांनी हळद गरम करून लावली. लावताना लेकीला नावं ठेवत होते, पण बोटं फार जपून फिरत होती. "दुखायलंय का?" मी विचारलं. अक्कांनी हात मिटला, उघडला, कोपरात वाकवला. "जड हाय. हे दुखणं न्हाई, ही दमणूक हाय. म्हशीला बी दोन्ही वेगळं असतं," त्या म्हणाल्या. मला त्यातला फरक पटला नाही. त्यांनाही पुरता पटला होता असं वाटलं नाही.

क्लबात आदल्या दिवसापेक्षा दुप्पट माणसं होती. कारण जनवाडा आलं होतं. साहेबलोकांच्या वेताच्या खुर्च्यांत धोतर-पटक्यातली माणसं बसली होती, म्हशीचा मालक किटलीत पहिल्या दुधाचा चीक घेऊन आला होता आणि अप्पा घोंगडं पांघरून अगदी पंचांच्या शेजारी. वकीलसाहेबांनी सगळ्यांकडं बघितलं आणि अक्कांना विचारलं, "वगार कशी हाय?"

"उभी ऱ्हायली."

"मग आता आपण बघू कोण उभं ऱ्हातंय."

वकीलसाहेबांची रॅकेट ताशासारखी कडक ताणलेली. ते मारायचे तेव्हा कोर्टाबाहेरच्या लिंबावरचे पक्षी उडत. अक्कांच्या हातात त्या दिवशी मारायची ताकदच नव्हती, हे पहिल्या दोन-तीन चेंडूंतच मला दिसलं. मग त्यांनी मारायचं सोडून दिलं. वकीलसाहेबांचा चेंडू येऊ द्यायचा, त्या तिरप्या जाळीत तो बुडू द्यायचा आणि त्याच्याच जोरावर परत सोडायचा. धप्. त्या जाळीतून चेंडू गिरक्या घेत निघायचा आणि जमिनीवर पडला की भलतीकडंच उडायचा. वकीलसाहेब अधिक जोरात मारायला लागले. धप्. त्याहून जोरात. धप्.

अप्पांना टेनिस कळत नव्हतं. पण हे कळलं. घोंगड्यातून ते मोठ्यानं म्हणाले, "एडका हाय वकील. येऊ दे, येऊ दे. वाघर हाय."

सगळं जनवाडा हसलं. पंच हसले. वकीलसाहेबसुद्धा पुढचा चेंडू मारायच्या आधी थांबून हसले, आणि तो त्यांनी नेटमध्ये घातला. मॅनेजर हसले नाहीत, पण मी कोण त्यांच्या तोंडाकडं बघणार?

शेवटी दोघेही घामानं निथळत होते. अक्कांना एक गुण हवा होता. चेंडू इकडून तिकडं, तिकडून इकडं, संपेचना. वकीलसाहेब नेटपर्यंत धावत आले आणि डोक्यावरून असा दणका मारला की मी डोळे मिटले. उघडले तेव्हा अक्का जागच्या जागी उभ्या होत्या, रॅकेट छातीपुढं नुसती धरलेली. चेंडू तिच्यावर आदळला, मुरला आणि टुणकन नेटपलीकडं, वकीलसाहेब क्षणापूर्वी उभे होते तिथं, पडून थांबला. दणका इतका मोठा की त्याच्या झोकात ते स्वतःच कोर्टाबाहेर गेले होते.

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग जनवाड्याचे पटके हवेत उडाले. मी काय ओरडले ते मला आठवत नाही. शेजारच्या साहेबांच्या पत्नीला मी मिठी मारली होती, हे मला नंतर त्यांनीच सांगितलं. माझ्या आयुष्यात मी कशातही पहिली आले तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता.

वकीलसाहेब परत नेटपाशी आले. बाईमाणूस समोर असलं की ते खेळ संपल्यावर दुरूनच सलाम करत, ती त्यांची रीत. त्या दिवशी त्यांनी हात पुढं केला. अक्कांनी रॅकेट काखेत मारली आणि तो हात उजव्या हातात घेतला. धरला तो धरलाच. वकीलसाहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू बदलत गेलं.

"सोडा की डॉक्टरीणबाई," ते म्हणाले. "हड्डी मोडायलीय."

"दुखायलंय का?" अक्कांनी विचारलं.

"लई दुखायलंय."

"मला न्हाई दुखायलं," अक्का म्हणाल्या, आणि अजून जोरात दाबला.